कंपनी खांदा

सुकदेव मास्तरांविषयी चांगलं बोलणारी माणसं नंदुरबारात अजून पुष्कळ सापडतील. त्यांच्यापैकी एकालाही मास्तरांशी धंदा करावा लागला नव्हता, एवढंच मी म्हणेन. मला तो वीस-बावीस वर्षं करावा लागला. स्टेशनरोडच्या एका बाजूला माझं कापडाचं दुकान आणि बरोबर समोर त्यांचं शिलाईचं. मधला रस्ता दोन बैलगाड्या जेमतेम जातील एवढा. गिऱ्हाईक माझ्याकडून कापड घेऊन पायरी उतरे, रस्ता ओलांडे आणि पाच मिनिटांत तोंड पाडून परत येई.

"मास्तर म्हनतस, पानीमा टाकाबिगर कात्री लावाव नही."

ही त्यांची रीत होती. कापड सुरतेचं असो की मुंबईच्या गिरणीचं, देणारा सावकार असो की गाडीवान, मास्तर ते आधी दगडी डोणीत भिजवत आणि दुसऱ्या दिवशी दुकानापुढच्या आडव्या बांबूवर वाळत घालत. किती आटलं ते वितीने पाहत आणि मगच बेतायला घेत. अंगावर गेल्यावर कापड आटलं तर शिव्या शिंप्याला बसतात, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण बांबू रस्त्यावर होता. एकदा माझ्याकडचं लाल छीट त्यांनी भिजवलं. सकाळी ते गुलाबी होऊन लटकत होतं आणि खाली धुळीत तांबडे ओघळ पसरले होते. मिरचीच्या गाड्या त्याच रस्त्याने बाजारात जात. एका गाडीवानाने बैल थांबवून विचारलं, "मास्तर, मिरच्या धुई ऱ्हायनात का?"

रस्ताभर हशा झाला. मी तसाच उठलो, समोर गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. मास्तर सुईत दोरा ओवत होते. तो ओवून झाल्यावर म्हणाले, "मी काय करं, गंगाराम? पानीनी करं. पानीसंगे भांड."

गंगाराम! तेव्हा सगळा बाजार मला शेठ म्हणायला लागला होता. मिरचीचे अडते म्हणत, सुरतेचे व्यापारी पत्रात लिहीत, स्टेशनमास्तरसुद्धा म्हणे. मी खांद्यावर गठडी घेऊन खापर गावच्या बाजारात, प्रकाशा गावच्या जत्रेत कापड विकलं होतं, आणि त्या गठडीचं दुकान केलं ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. मास्तरांनी ती गठडी पाहिली होती. त्यांच्या लेखी मी गठडीवाला गंगारामच राहिलो. त्यात हिणवणं नव्हतं, असं लोक म्हणतात. नसेलही.

माणूस दिसायला उंच, मानेत वाकलेला. टोपीच्या काठात कायम तीन सुया. कापडावर खूण करायला खडू वापरत नसत, अंगाला लावून झिजलेल्या साबणाच्या चिपट्या वापरत. घरातल्या साबणाची वडी पुरती झिजायच्या आतच ते दुकानात नेतात म्हणून बायको कुरकुरे. दोरा दातांनी तोडलेला त्यांना खपत नसे. दुकानाला पाटी नव्हती. कोणी विचारलं तर बांबूकडे बोट दाखवत.

त्या वर्षांत नंदुरबार वाढत होतं. मिरचीच्या वखारी झाल्या, जिनिंगची धुराडी उभी राहिली, कोर्टात वकील आले, भुसावळच्या गाडीतून रोज दोन-चार नवे कारकून उतरू लागले. गाव वाढलं की पहिल्यांदा अंगरखे कमी होतात. एका तरुण वकिलाला इंग्रजी कोट हवा होता. मास्तरांनी आयुष्यात कोट शिवला नव्हता. दुसरा शिंपी असता तर हो म्हणून कापड नासवून बसला असता. मास्तर वकिलाला म्हणाले, "तुम्हना अंगवरला कोट माले द्या."

वकिलाकडे पुण्याहून आणलेला तो एकच कोट होता. तिसऱ्या दिवशी तो चौकशीला आला तर दुकानाच्या जमिनीवर त्याच्या कोटाचे तीस-बत्तीस तुकडे ओळीने मांडलेले. कॉलर वेगळी, कॉलरच्या पोटातलं तागाचं अस्तर वेगळं. प्रत्येकावर साबणाने आकडा घातलेला. मास्तर मधोमध उकिडवे बसून एकेका तुकड्याकडे, वैद्य नाडीकडे बघतो तसं बघत होते.

"अहो मास्तर, उद्या माझा खटला आहे!" वकील ओरडला.

"मंग धोतरवर उभा ऱ्हा. न्याव काय कोट दखीसन मिळस?"

वकिलाने महिनाभर उसन्या कोटावर कोर्ट केलं. महिन्याने मास्तरांनी त्याच्या हातात दोन कोट ठेवले. त्यातला पुण्याचा कुठला आणि नंदुरबारचा कुठला ते त्याला ओळखता येईना. त्यानंतर गावात कोटांची लाट आली आणि माझं सर्जचं लोकरी कापड खपलं. ते मी लपवत नाही. मास्तरांमुळे माझा फायदाही झाला. पण फायदा त्यांनी ठरवून कधी केला नाही, आणि तोटा मात्र नेहमी विचारपूर्वक केला.

आता तोट्याचं सांगतो.

जिनिंगच्या मागच्या मैदानात एक नाटक कंपनी महिनाभराच्या मुक्कामाला आली. कंपनीचा शिंपी वाटेत तापाने पडला, म्हणून नायिकेचे कपडे मास्तरांकडे आले. त्या वेळी नायिका म्हणजे अर्थात पुरुषच. हा नट सकाळी नदीकाठी जोर-बैठका काढत असे. माप द्यायला दुकानात आला तेव्हा मी समोरून ऐकत होतो.

"मास्तर, माझे खांदे तेवढे लपवा," तो म्हणाला, "बाकीचं मी गाण्यात लपवीन."

मास्तरांनी त्याचं माप घेतलं. इथे एक सांगायला हवं, की बायकी कपड्याचं माप अंगावरून घ्यायची संधी मास्तरांना जन्मात ही एकदाच मिळाली. गावातल्या बायकांचं माप घ्यायची रीत नव्हती. नवरा एखादी जुनी चोळी आणून टाकी, मास्तर तिच्यावरून नवी बेतत. तीस वर्षं त्यांनी अर्ध्या गावच्या चोळ्या शिवल्या, पण एकाही बाईला 'कशी बसली?' म्हणून विचारलं नाही. विचारायचं ते नवऱ्याला. नवरे म्हणत, "बसनी." संपलं.

नटासाठी त्यांनी तपकिरी कागदावर पोलक्याचा खाका कापला. रुंद खांदा, त्याची शिवण दंडाकडे उतरवलेली, आणि तिथून फुगा घेतलेली बाही. फुग्यामुळे खांदा कुठे संपतो ते कळेना आणि पैलवान नाजूक दिसू लागला. पोलकं जांभळ्या साटिनचं होतं. साटिन माझं. भिजवून घेतलेलं, अर्थात.

चिकाच्या पडद्यामागे बसून बायकांनी ते नाटक पाहिलं. आठ दिवसांत गावातले नवरे एकेक जुनी चोळी घेऊन मास्तरांच्या पायरीवर उभे. "घरमा म्हनतस, नाटकनामायक जोयजे." मास्तर शिवू लागले. मी सुरतेहून जांभळ्या साटिनच्या गाठीच्या गाठी मागवल्या आणि त्या तऱ्हेला नाव दिलं 'कंपनी खांदा'. शहाद्याहून मागणी आली, प्रकाशाहून आली, खापरच्या बाजारात लोक नावाने मागू लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दुकानातली वस्तू गावाच्या आधी नव्हे, गावाच्या मागे धावत होती. नव्हे, गाव तिच्या मागे धावत होतं. अजूनही ते आठवलं की वाक्य उलटसुलट होतं.

मग मिरचीच्या एका अडत्याकडे लग्न निघालं. वऱ्हाडाला सामोऱ्या जाणाऱ्या बायका ताटं घेऊन पुढे चालल्या होत्या, आम्ही पुरुष मागून. मास्तर माझ्या शेजारी होते. चालता चालता ते थांबले. मागचे लोक त्यांच्यावर आदळले.

"गंगाराम, तो नट शे," ते म्हणाले.

"कोठे?"

"आठे. या समद्यासना खांदावर तो नट बठेल शे."

मीही पाहिलं. पुढच्या प्रत्येक पाठीवर खांद्याची शिवण दोन बोटं खाली दंडावर उतरली होती आणि पाठीत चुणी पडत होती. छाती आणि लांबी मास्तरांनी त्या त्या बाईच्या जुन्या चोळीवरून घेतली होती. पण आखूड चोळीवरून नव्या तऱ्हेचा खांदा काढता येईना, म्हणून तो घेतला होता त्या कागदावरून. म्हणजे सगळ्या गावाने पैलवानाचा खांदा घातला होता. एकीनेही तक्रार केली नव्हती. नाटकात असंच होतं, तेव्हा असंच असणार, असं प्रत्येकीला वाटलं. आणि वाटलं नसतं तरी ती सांगणार कोणाला? नवऱ्याला. तो म्हणणार, "बसनं."

मास्तर लग्नात जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दुकानात गेलो तर ते तो कागद फाडत होते. शिवलेली सगळी पोलकी परत मागवून खांदे उसवायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. मी आधी शांतपणे बोललो. मला ते जमतं, फार वेळ नाही.

"मास्तर, चूक तुम्हना कागदमा व्हई, लोकेसना डोळामा नही. लोकेसले आवडनं, मंग ती चूक कशी?"

"मुरगळेल पाय आवडना म्हनीसन हाड बसाडानं नही का?"

"पाय दुखस. हाई दुखी ऱ्हायनं का कोनले?"

"माले दुखी ऱ्हायनं."

"एक साल गप्प ऱ्हा. पुढला साले नवा खांदा काढा, मी त्यालेबी नाव देसू. मन्हा दुकानमा भागी व्हा, रुपयामा चार आना. बोला."

बाजारात कोणी कोणाला दिला नसेल असा तो भाव होता. मास्तरांनी कागदाचे तुकडे गोळा करून इस्त्री तापवायच्या शेगडीत टाकले.

"गंगाराम, मन्ही चूकमा तू भागी मांगी ऱ्हायना," ते म्हणाले. "चूक मन्ही एकलानी शे."

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन्ही बाजूंच्या दुकानांतून माणसं बाहेर आली होती.

मास्तर गल्लोगल्ली फिरले. दारात उभे राहून घरधन्याला हाक मारत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "पोलकं परत द्या. खांदा चुकना. मन्हा हातथीन चुकना." गाव हसलं. काहींनी पोलकी द्यायला कुरकुर केली, घरातून "ऱ्हाऊ द्या ना" असे दबके आवाजही येत होते म्हणतात, पण नवऱ्यांनी काढून दिली. शिंपीच चूक म्हणतो म्हटल्यावर कोण ठेवणार? एक्केचाळीस पोलकी त्यांनी शिवली होती. त्यातली चाळीस त्यांनी परत मिळवली, उसवली, कापली आणि पुन्हा शिवून दिली. कोणाकडून काही घेतलं नाही. दोन महिने दुसरं काम बंद होतं.

'कंपनी खांदा' पंधरवड्यात मेला. माझ्या गाठी पडून राहिल्या. ते साटिन पुढे बँडवाल्यांच्या डगल्यांना आणि गाद्यांच्या खोळींना गेलं. जांभळ्या गादीवर झोपलेलं माणूस मी अजून पाहू शकत नाही.

एक्केचाळिसावं पोलकं माझ्या घरात होतं. केसरचं, म्हणजे माझ्या बायकोचं. ते मी दिलं नाही.

यानंतर जे सुरू झालं ते पंधरा वर्षं चाललं. दर बाजाराच्या दिवशी मास्तर रस्ता ओलांडून माझ्या पायरीशी येत. वर चढत नसत.

"गंगाराम, ते पोलकं?"

"शेठ म्हना, मंग देसू."

"पोलकं दे, मंग म्हनसू."

आणि परत जात. सुरुवातीला लोक हे ऐकायला थांबत, पुढे पुढे थांबेनासे झाले. मास्तरांचे केस पिकले, चष्मा आला, बायको गेली. तिच्या दहाव्यानंतरच्या बाजारालाही ते आले होते. त्यांची एवढी एक चूक गावात कुठेतरी हिंडते आहे, आणि ती डोळ्यांनी पाहून दुरुस्त केल्याशिवाय आपला हात मोकळा होणार नाही, असं ते दुसऱ्यांजवळ बोलत. मला ते कळे. मला बरं वाटे.

आता जे मास्तरांना माहीत नव्हतं ते. दुसऱ्याच वर्षी दिवाळीला केसरने ते पोलकं घातलं होतं. ती उंचावरचं पातेलं काढत होती आणि मी मागे उभा होतो. खांद्याची शिवण बरोबर हाडावर होती. पाठीत चुणी नाही, काही नाही. खापरच्या वाटेवर माझ्याबरोबर दुसरी गठडी तिच्या खांद्यावर असे, ते मला तेव्हा आठवलं. सगळ्या नंदुरबारात त्या एकीला नटाचा खांदा नेमका बसला होता. मी हे मास्तरांना सांगितलं नाही. समोरच्याला हवी असलेली एक तरी वस्तू आपल्या हातात पाहिजे, नाहीतर तो तुम्हाला विचारत नाही. हे मी गठडीपासून शिकलो होतो.

मग लढाई आली, कापडावर नियंत्रण आलं. ठाणं यायची थांबली, बांबूवर काही वाळेना. मास्तरांची नजरही मंदावली होती. त्यांच्या मुलीने त्यांना सुरतेला न्यायचं ठरवलं. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी मी स्टेशनवर होतो, पण त्यांच्यासाठी नव्हे, कंट्रोलच्या कापडाची माझी एक गाठ सोडवून घ्यायची होती. केसर म्हणाली, मीही येते. का ते मी विचारलं नाही. टांग्यातही तिने पदर घट्ट ओढून घेतला होता.

मास्तर फलाटावर पत्र्याच्या पेटीवर बसले होते. मशिनचं डोकं गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलेलं. मला पाहून ते उठले नाहीत.

"गंगाराम, आज तरी?"

मी उत्तर द्यायच्या आत केसर पुढे झाली. मास्तरांनी सवयीने नजर खाली घातली. तिने त्यांच्याकडे पाठ केली आणि पदर खांद्यावरून उतरवला. आत तेच पोलकं होतं. धुऊन धुऊन जांभळ्याचं राखी झालेलं. फलाटावरचे चार लोक बघू लागले.

"आप्पा, दखा," ती म्हणाली. "आते नही दखशात ते कव्हय दखशात?"

मास्तरांनी चष्मा पुसला. मान वर करायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी पाहिलं, आणि पाहतच राहिले. एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत, पुन्हा परत. हात पुढे गेला होता, पण कापडाला लागायच्या आत थांबला.

"बराबर शे," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाई, काबरं नही सांगं?"

केसरने पदर सारखा केला. "माले कोनी ईचारं? तुम्ही यासले ईचारं, यासनी नही म्हनं. मी ते घरमाच व्हतू."

मास्तर माझ्याकडे वळले. "तुले माहीत व्हतं?"

"हो," मी म्हणालो.

आता ते चिडतील, असं मला वाटलं. मी तयार होतो, माझ्याकडेही बोलायला पंधरा वर्षांचं होतं. पण ते माझ्याकडे बघत होते की नाही, याचीच मला शंका आली. गाडी आली. हमालाने पेटी चढवली. मशिनचं डोकं मास्तरांनी स्वतः नेलं आणि खिडकीशी बसले. गाडी हलायच्या बेतात होती तेव्हा ते केसरला म्हणाले,

"बाई, मंग उसवेल त्या चाळीसमा आखो बराबर कितल्या व्हतीन?"

मला आधी कळलं नाही ते कशाबद्दल बोलत आहेत. गाडी हलली. मास्तरांनी डावा हात समोर धरला होता आणि ते एकेक बोट मिटत होते, ओठांतल्या ओठांत गल्ल्यांची नावं घेत. तीन बोटं मिटलेली मी पाहिली. चौथ्याशी ते अडखळले, आणि तेवढ्यात डबा पुढे गेला.